गमावलेला जीव, सापडलेलं जीवन

१. ज्यावर मारलं, तेच गळ्यात?

ख्रिस्ती मुलामुलींना शाळेत कधी ना कधी हा प्रश्न येतोच : "तुमच्या देवाला ज्यावर खिळे ठोकून मारलं, तेच चिन्ह तुम्ही गळ्यात का घालता?" विचारणाऱ्याच्या मनात खोडी नसते, त्याला खरंच कळत नसतं. छत्रपती संभाजीनगरात तर हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. एका बाजूला अजिंठ्याचे शांत, अर्धोन्मीलित डोळ्यांचे बुद्ध आणि बोधिसत्त्व, दुसऱ्या बाजूला पैठणचे संत एकनाथ आणि त्यांच्या षष्ठीच्या दिंड्या. मधे छावणीतल्या चर्चमध्ये मात्र मरणाचं एक हत्यार पूजास्थानी उभं.

वधस्तंभ हे रोमन राजवटीतलं शिक्षेचं साधन होतं. गुलामांना आणि बंडखोरांना त्यावर टांगायचे. नुसतं मारणं हा त्यामागचा हेतू नव्हता. माणूस रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या देखत, हळूहळू मरावा आणि बघणाऱ्यांना जरब बसावी, यासाठी ही शिक्षा होती. पहिल्या तीनेक शतकांतल्या ख्रिस्ती चित्रांत वधस्तंभ फारसा दिसत नाही. ज्यांनी ही शिक्षा डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना ते चिन्ह मिरवणं जड गेलं असणार. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून ही शिक्षा बंद होत गेली आणि मग हे चिन्ह उघडपणे दिसू लागलं.

म्हणजे ख्रिस्ती माणूस गळ्यात जे घालतो ते एका पराभवाचं चिन्ह आहे आणि तो म्हणतो, यातच जीवन आहे. हे कसं, ते समजून घेण्यासाठी येशूच्या एका वचनापासून सुरुवात करावी लागेल.

२. वचन काय आहे

बायबलच्या नव्या करारात येशूची चार चरित्रं आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावावर असलेल्या या चरित्रांना शुभवर्तमानं म्हणतात. येशूची काही वचनं एकाच चरित्रात येतात, काही दोन-तीन चरित्रांत. हे वचन चारही चरित्रांत मिळून सहा वेळा येतं. लिहिणाऱ्यांना ते विसरता आलं नाही, एवढं यावरून नक्की समजावं.

आशय असा : जो आपला जीव राखण्यातच गुंतला, त्याच्या हातून तो निसटतो आणि येशूसाठी ज्याने तो सोडला, त्याला तो मिळतो.

मार्कच्या शुभवर्तमानात हे वचन कुठल्या प्रसंगी आलंय ते महत्त्वाचं आहे. येशू शिष्यांना पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो की आपल्याला मारलं जाणार आहे. पेत्र हा त्याचा जवळचा शिष्य. तो येशूला बाजूला घेऊन समजावू लागतो की असं काही बोलू नका. येशू त्याला कडक शब्दांत झिडकारतो आणि मग सगळ्यांसमोर हे बोलतो. शांतपणे बसून सांगितलेलं तत्त्वज्ञान म्हणून हे वचन आलेलं नाही. मरण समोर दिसत असताना, जिवलग मित्र आडवा येत असताना ते आलं.

आता "जीव गमावणं" म्हणजे काय? काहींच्या वाट्याला अक्षरशः मरण आलं. बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही. त्यांच्यासाठी अर्थ असा की "मी, माझं, माझ्यापुरतं" हे जे केंद्र धरून आपण जगतो, ते सोडणं.

समजा, वाळूजच्या एखाद्या कारखान्यात काम करणारा एक माणूस आहे. नोकरी टिकावी, सिडकोतल्या घराचे हप्ते फिटावेत, चार लोकांत मान राहावा, एवढ्यासाठी तो राबतो. यात गैर काहीच नाही. पण जपण्यासारखं जसजसं वाढतं तसतशी त्याची धास्तीही वाढते. घर झालं की शेजाऱ्याचं मोठं घर खुपतं, बढती मिळाली की खालचा माणूस डोईजड वाटतो. मग एकदा सोबतच्या कामगाराचं लेकरू घाटी रुग्णालयात दाखल होतं. रक्त लागतं, रात्री कुणीतरी थांबावं लागतं. हा थांबतो. एक रात्र, मग दुसरी. झोप जाते, पगारी रजा जाते. लेकरू बरं होऊन घरी जातं आणि यानंतर त्या पोराचा शाळेतला पहिला दिवसही याला आपल्या घरचा वाटतो. त्याने दिली ती झोप आणि रजा. त्याच्या पदरी आला तो एक नवा जिवलग. आधी त्याच्या "मी"मध्ये एकच माणूस राहत होता, आता तिथे आणखी कुणी आलं.

वचनातला "सापडणं" हा भाग एवढा साधा आहे. सापडलेलं जीवन एकट्याचं नसतं. त्यात दुसरं माणूस असतं आणि ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवही असतो.

३. शाळूचा दाणा

योहानाच्या शुभवर्तमानात येशू हीच गोष्ट गव्हाच्या दाण्याचं उदाहरण देऊन सांगतो. मराठवाड्यात ती शाळूच्या दाण्यावरून जास्त कळेल.

शेतकरी सुगीच्या वेळी चांगली भरलेली कणसं बियाण्यासाठी वेगळी काढून ठेवायचा. हल्ली बियाणं पिशवीतून येतं, पण ही पद्धत जुन्या माणसांना आठवत असेल. तो दाणा मडक्यात, राखेत, कोरडा राहतो. किडला नाही तर वर्षभर जसाच्या तसा. त्याला काही होत नाही आणि त्याच्यातून काही होतही नाही.

भाद्रपद-आश्विनात, ओल धरलेल्या काळ्या रानात तिफण चालते. मागे चाड्यावर मूठ धरून बाई दाणे सोडत जाते. दाणा मातीआड होतो, पाणी पितो, फुगतो. त्याचं टरफल तडकतं. इथे जे घडतं ते नीट बघण्यासारखं आहे. दाण्यात जो पिठूळ भाग असतो, ज्याची आपण भाकरी करतो, तोच आता विरघळू लागतो आणि त्याची साखर होऊन कोंबाला मिळते. मुळं खाली जातात, कोंब वर येतो आणि पहिली पानं उन्हात स्वतःचं अन्न करू लागेपर्यंत हा दाणा त्यांना पोसतो. पेरणीनंतर दहा-बारा दिवसांनी एखादं रोप अलगद उपटून पाहा. मुळाशी दाणा असतो, पण बोटांत दाबला तर आत काही नसतं. नुसती साल. त्याचं सगळं रोपात गेलेलं असतं.

पण तो संपला म्हणावं का? त्या रोपाला पुढे कणीस येतं आणि कणसात हजारभर दाणे. पेरलेला दाणा त्या प्रत्येकात आहे. मडक्यातला दाणा मात्र शेवटपर्यंत एकच राहतो.

या उदाहरणातून दोन गोष्टी कळतात. दाणा फुकट गेला नाही, तो कशात तरी गेला. रस्त्यावर सांडलेला दाणाही नाहीसा होतो, पण त्याचं रोप होत नाही. नुसतं नष्ट होणं आणि पेरलं जाणं यात हा फरक आहे. दुसरं म्हणजे, पेरायला दाणा भरलेला लागतो. पोचट दाणा कितीही चांगल्या रानात टाका, तो उगवत नाही. ज्याला स्वतःचं असं काही घडवूच दिलेलं नाही, त्याने द्यायचं काय? ही दुसरी गोष्ट त्यागावरच्या प्रवचनांत क्वचित ऐकू येते. पुढे तिच्याकडे परत यावं लागेल.

४. दुःखाची हौस नाही, सौदाही नाही

इथे दोन गैरसमज होतात. पहिला असा की ख्रिस्ती धर्माला दुःखच आवडतं. तसं असतं तर येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत जी प्रार्थना केली ती केली नसती. शक्य असेल तर हे माझ्यावरून टळू दे, असंच त्याने मागितलं. नंतर पित्याच्या इच्छेला मान दिला, पण आधी टळावं असं मागितलं. जन्मभर त्याने आजाऱ्यांना बरं केलं. तुमचं दुखणं बरं आहे, राहू द्या, असं तो कुणालाही म्हणाला नाही.

पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही हा फरक ठाऊक होता. दुसऱ्या शतकात स्मर्ना इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरला, पॉलिकार्प नावाच्या वृद्ध धर्माध्यक्षाला जाळून मारलं. त्याची हकिकत त्याच्याच मंडळीने लिहून ठेवली आहे. त्यात क्विंटस नावाचा एक माणूस येतो. तो उत्साहाने स्वतःहून मरायला पुढे झाला, इतरांनाही त्याने भरीला घातलं आणि हिंस्र पशू समोर आल्यावर कच खाल्ली. याउलट पॉलिकार्प मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेर एका मळ्यात जाऊन राहिला. पकडायला आले तेव्हा मात्र पळाला नाही. मंडळीने क्विंटसच्या वागण्याला नाव ठेवलं आणि स्पष्ट लिहिलं की असं मरण ओढवून घेणं आम्हाला मान्य नाही.

दुसरा गैरसमज जास्त अवघड आहे, कारण तो श्रद्धाळू माणसांतच होतो. आज एक द्या, उद्या शंभर मिळतील. येशूच्या वचनाचा हा अर्थ काढला की त्यातलं सगळं निघून जातं. शंभर मिळावेत म्हणून जो देतो, त्याने अजून काही सोडलेलंच नाही. त्याने फक्त गुंतवणूक केली. जीवन "मिळवण्यासाठी" त्याग करायला गेलं तर ते मिळत नाही. समोरच्या माणसाकडे लक्ष गेलं आणि आपला हिशेब विसरला, तरच मिळतं. या वचनातलं कोडं हेच.

पोलंडचे फ्रान्सिस्कन फादर मॅक्सिमिलियन कोल्बे १९४१ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत होते. एक कैदी पळाला म्हणून नाझी अधिकाऱ्यांनी दहा जणांना उपासमारीने मारण्यासाठी निवडलं. त्यांतला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकोमुलांच्या आठवणीने रडू लागला. कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मला घ्या म्हणाले. उपासमारीनेही ते गेले नाहीत, तेव्हा १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्हनिचेक जगला. १९८२ मध्ये रोममध्ये कोल्बेंना संत घोषित केलं तेव्हा तो तिथे हजर होता आणि १९९५ मध्ये म्हातारपणी वारला. कोल्बेंच्या त्यागाच्या दुसऱ्या टोकाला नाव-गाव असलेला एक माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

५. अजिंठ्यातला राजपुत्र आणि नागसेनवनातला प्रश्न

त्याग ही काही ख्रिस्ती धर्माची मक्तेदारी नाही आणि संभाजीनगर जिल्ह्यात बसून तसं म्हणणं तर हास्यास्पद होईल. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगवलेली आहे : शरण आलेल्या पारव्यासाठी तो स्वतःचं मांस ससाण्याला देतो. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती आहे, तो मारायला आलेल्या शिकाऱ्याला आपले सुळे देतो. पैठणच्या नाथांची गोष्ट तर घराघरांत माहीत आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली.

फरक कुठे आहे? अजिंठ्यातल्या या जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, बोधिसत्त्व जन्मोजन्मी देत देत पूर्णत्वाकडे जातो. नाथांना गाढवातच रामेश्वर दिसतो. ख्रिस्ती श्रद्धेत सुरुवात देवाकडून होते. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की ख्रिस्ताने देवपणाला चिकटून न राहता स्वतःला रितं केलं आणि दासाचं रूप घेतलं. म्हणजे भक्ताने देवासाठी त्याग करण्याआधी देवाने भक्तासाठी केलेला आहे. माणसाचा त्याग हा त्याला दिलेला प्रतिसाद आहे. त्यातून पुण्य साठत नाही आणि देवावर उपकारही होत नाहीत. वधस्तंभ गळ्यात घालण्याचं कारणही हेच.

पण अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आणखी एक कथा आहे आणि ती अस्वस्थ करते. विश्वंतर नावाचा राजपुत्र दानशूर. राज्याचा हत्ती देऊन टाकतो म्हणून लोक त्याला वनवासात धाडतात. तिथे एक ब्राह्मण येतो आणि त्याची दोन लेकरं मागतो. विश्वंतर तीही देतो. पुढे बायकोही. कथा गोड संपते, सगळे परत भेटतात. तरी लेकरांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आजचा नाही. मिलिंदपञ्ह या प्राचीन पाली ग्रंथात मिलिंद राजा भिक्खू नागसेनाला नेमकं हेच विचारतो : रडणारी लेकरं देऊन टाकणं हे कसलं दान? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संभाजीनगर शहरात उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं आणि परिसराला नागसेनाचं नाव आहे. राजाने बेधडक विचारावं आणि भिक्खूने न चिडता उत्तर द्यावं, ही त्या ग्रंथाची रीत. आपणही तोच प्रश्न ख्रिस्ती त्यागाला विचारू. त्याग करणारा एक असतो, पण त्याची किंमत तोच मोजतो का?

६. जालना : नारायण शेषाद्रींनी काय सोडलं

जालना हा १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्याचाच भाग होता. निजामाच्या राज्यातल्या या भागात एकोणिसाव्या शतकात काही भारतीय ख्रिस्ती उपदेशक येऊन राहिले. खुद्द औरंगाबादेत मूळचे पारशी असलेले रतनजी नौरोजी चर्च मिशनरी सोसायटीचं काम पाहत. जालन्यात होते नारायण शेषाद्री.

शेषाद्री जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत, जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट यांच्या हाताखाली ते शिकले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज कल्पनेने समजून घ्यावं लागतं. आईबापांच्या लेखी मुलगा मेल्यात जमा. पंगत तुटली, घराचा उंबरा तुटला, जातीत मिळणारा जन्मसिद्ध मान गेला. हुशार, इंग्रजी शिकलेल्या ब्राह्मण तरुणापुढे तेव्हा सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत, वय साधारण बारा, हाही मिशनमध्ये राहायला आला होता. वडील कोर्टात गेले. मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग नवंच संकट. मिशनमध्ये राहिलेल्या, तिथलं अन्न खाल्लेल्या या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही? "दर्पण"कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणाले. सनातन्यांनी त्यांच्यावरच हल्ला चढवला. हे प्रकरण मुंबईत कितीतरी दिवस गाजत होतं.

चरित्रकार नारायणाच्या धैर्याबद्दल भरभरून लिहितात आणि ते योग्यच आहे. मला मात्र दर वेळी तो बारा वर्षांचा पोर आठवतो. भावाने आपला निर्णय विचार करून, स्वतःच्या हिमतीवर घेतला. पण कोर्ट, मिशन आणि जात यांच्यात ओढाताण झाली ती श्रीपतची. त्यागाची कथा सांगताना अशी माणसं गाळली तर ती कथा खोटी ठरते.

नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. मराठवाड्यातल्या खेड्यांत त्यांचं ऐकायला आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. ज्यांची सावलीही टाळायला घरात शिकवलं गेलं असेल, त्यांच्याबरोबर हा माणूस जेवला, राहिला, म्हातारा झाला. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तिथे त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. प्रार्थनामंदिर, शाळा, घरं, शेती. ज्यांना गावाच्या कडेलाच राहावं लागे, त्यांचंच गाव. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, पण परतले जालन्यालाच. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांना काय सापडलं? शाळूच्या दाण्याची भाषा वापरायची तर, बेथेलमध्ये शिकून मोठी झालेली पोरं. जन्माने मिळालेली एक जात त्यांनी गमावली आणि जिथे जन्माने कधीच पोचले नसते तिथे त्यांना आप्त मिळाले.

७. लक्ष्मीबाईंची बाजू

नारायण वामन टिळकांची कथा मराठी वाचकाला जास्त परिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरला राहून त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम केलं, कविता आणि अभंग लिहिले. १९१७ मध्ये मिशनचा पगार आणि आधार सोडून ते साताऱ्याला गेले आणि "देवाचा दरबार" सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

ही झाली त्यागाची एक बाजू. दुसरी बाजू त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, लिहिली, म्हणून मराठीत "स्मृतिचित्रे" हे आत्मचरित्र आहे. टिळकांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंना आधी कुणी विचारलं नव्हतं. त्या कर्मठ, सोवळं कडक पाळणाऱ्या घरातल्या. एका बातमीने त्यांचा संसार मोडला. नवरा जिवंत, पण घर नाही. लहान मुलगा पदरी. काही वर्षं त्यांनी नातेवाइकांकडे, पंढरपुरातही काढली. टिळकांनी आपलं जीवन गमावून मिळवलं असेल, पण त्यात लक्ष्मीबाईंचं आधी गेलं आणि तेही त्यांच्या परवानगीवाचून.

म्हणून मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंची पुढची वाटचाल या विषयात जास्त शिकवते. त्या नवऱ्याकडे परत गेल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं सांभाळून, वेगळा स्वयंपाक करून राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटलं तेव्हा तो त्यांनी सोडला आणि बाप्तिस्मा १९०० मध्ये घेतला. नंतर त्यांच्या घराला दारच उरलं नाही. पोरकी मुलं आली, आजारी आले, तरुण कवी आले. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले. टिळकांनी सुरू केलेलं "ख्रिस्तायन" हे काव्य अपुरं राहिलं होतं. टिळकांचे साडेदहा अध्याय, त्यापुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंचे. शाळेत न गेलेल्या बाईचे.

आधी त्यांच्याकडून जे गेलं, तो त्याग नव्हता. तो आघात होता. नंतर त्यांनी जे दिलं तो त्याग. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात : घर गेलं, जात गेली, आराम गेला. पण पहिल्यात त्यांच्याकडून घेतलं गेलं आणि दुसऱ्यात त्यांनी दिलं.

८. रमाबाईंनी काय दिलं नाही

पंडिता रमाबाईंनी काय काय दिलं ते सांगायला एक प्रकरण पुरणार नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं आणि पुढे पुण्यात हलवलेलं शारदा सदन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन आणलेल्या शेकडो मुली, पुण्याजवळ केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, तेही आश्रमातल्या मुलींच्या हातांनी छापलेलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या.

इथे मला सांगायचं आहे ते त्यांनी काय राखलं. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या अँग्लिकन भगिनींची आणि धर्माधिकाऱ्यांची अपेक्षा होती की या नव्या शिष्येने आता सांगितलेलं मुकाट मानावं. रमाबाईंनी मानलं नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या सिद्धान्तांवर वाद घालतात आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला साफ नकार देतात. इकडे १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

ज्या बाईने अंगावरचं सुख, पैसा, प्रतिष्ठा, शरीराची ताकद असं सगळं दिलं, तिने आपली बुद्धी आणि निर्णयाचा हक्क मिशनलाही दिला नाही, समाजालाही दिला नाही. भरलेला दाणाच उगवतो, असं वर म्हटलं ते हेच. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं नसतं, तर केडगाव झालं नसतं.

९. मग आईने आयुष्यभर केलं ते काय?

या विषयावर बोलताना बायका शेवटी हा प्रश्न विचारतात, कधी मोठ्याने, कधी घोळका पांगल्यावर. "आमच्या आईने जन्मभर स्वतःचं काही बघितलं नाही. शेवटची भाकरी तिची, आधी उठणार ती. तिला मिळालं का ते जीवन?"

१९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने एका लेखात ख्रिस्ती धर्मपंडितांना हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणता, अहंकार हे मूळ पाप आणि स्वतःला विसरणं हे औषध. पुरुषांच्या अनुभवावरून हे ठरलं. ज्या बाईला लहानपणापासून "मी" म्हणायलाच शिकवलं नाही, तिचा आजार उलटा असतो. तिला हेच औषध दिलं तर आजार वाढेल.

हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर येशूच्याच दुसऱ्या आज्ञेत आहे. शेजाऱ्यावर प्रेम करायचं ते स्वतःवर करतो तसं. स्वतःवरचं प्रेम त्यात आधीच धरलेलं आहे. शिवाय येशूचं वचन ज्याने-त्याने स्वतःला लावून घेण्याचं आहे. सासूने सुनेला, मालकाने मजुराला, पाळकाने मार खाणाऱ्या बायकोला ते ऐकवायला लागलं की ते त्याच क्षणी येशूचं राहत नाही. त्याने स्वतःचा जीव दिला, दुसऱ्या कुणाला द्यायला लावला नाही.

हाच निकष समाजालाही लावायला हवा. मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती शेषाद्रींसारख्या वरच्या जातीतून आलेले नाहीत, ते दलित समाजातून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या आजही मिळत नाहीत. गावकुसाबाहेरचं घर तेच, आडनाव तेच, सवलत मात्र गेली. चर्चमध्ये याला कधी कधी "प्रभूसाठी सोसणं" म्हणतात. मला ते मान्य नाही. हे सोसणं त्यांनी निवडलेलं नाही, कायद्याने त्यांच्यावर लादलेलं आहे आणि त्यावर उपाय कायद्यातच शोधला पाहिजे.

आणि आई? तिला विचारायला हवं. काही आया सांगतील, मला दुसरी वाटच नव्हती. त्यांचं ऋण आहे आणि ते फेडायचं आहे. वाटणी बदलून, घरातली कामं वाटून घेऊन, त्यांच्या नावावर काही करून, लेकीला शिकवून. काही आया मात्र नातवंडाचं नाव घेऊन, शेजारणीचं, कुठल्याशा पोरक्या पोरीचं नाव घेऊन, एकेक गोष्ट सांगत राहतील आणि त्या सांगण्यात तक्रार नसेल. कोणत्या आईचं काय, हे बाहेरून ठरवता येत नाही. बहुतेक घरांत एकाच आईच्या आयुष्यात दोन्ही असतं, लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात होतं तसं. म्हणून तिच्या कौतुकाचं भाषण करण्याआधी तिला सांगू द्यावं : यातलं तू काय दिलंस आणि तुझ्याकडून काय घेतलं गेलं?